या एकदा चहाला

बुकित बातोकच्या कम्युनिटी क्लबात, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, दर रविवारी सकाळी मराठीचा वर्ग भरतो असं विनीता सबनीस सगळ्यांना सांगत असे. ते खोटं नव्हतं. वर्गात एक फळा होता, बारा खुर्च्या होत्या, एक बाई होत्या आणि एक अमेय होता.

अमेय नऊ वर्षांचा. तो मराठीसाठी येतो असा त्याच्या आईचा समज होता. तो एसीसाठी आणि चकलीसाठी येतो हे विनीताला ठाऊक होतं, आणि तिला ते ठाऊक आहे हे अमेयला. अशा परस्पर सामंजस्यावर मराठी भाषा त्या खोलीत तग धरून होती.

एका रविवारी क्लबाच्या काउंटरवरच्या मुलीनं विनीताला थांबवलं. मुलगी फार गोड होती. सिंगापुरात वाईट बातमी नेहमी गोड मुलींकडे सोपवलेली असते. पुढच्या सत्रासाठी वर्गात निदान आठ नावं हवीत, नाहीतर खोली लाइन डान्सच्या ग्रुपला जाईल, असं ती म्हणाली. लाइन डान्सच्या बायका एव्हाना दाराबाहेर स्पीकर घेऊन उभ्याच होत्या, सगळ्यांच्या पुढे मॅडम सिओ, पांढऱ्या बुटांत. दाराच्या काचेतून त्या आत बघत. बघण्यात वैर काही नव्हतं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जेवण संपत आलेल्या माणसाच्या मागे उभं राहून लोक जसं बघतात, तसं ते बघणं होतं.

विनीता घरी आली आणि नवऱ्याला म्हणाली, "वर्ग बंद पडणार."

प्रताप मरीन इंजिनिअर. बावीस वर्षं बोटींच्या इंजिनरूममध्ये काढून आता तो बंदराजवळच्या एका ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या इंजिनांची काळजी करत असे. त्यानं विचारलं, "मूळ बिघाड काय?"

"मुलं नाहीत."

"मग मुलं आणायला हवीत," प्रताप म्हणाला, आणि दुरुस्ती झाल्यासारखा चहा प्यायला लागला.

वर्ग सुरू झाला तेव्हा मुलं अकरा होती आणि त्यांत विनीताची इरा होती. खरं तर इरासाठीच तो सुरू झाला. मग मुलं मोठी झाली, काहींचे वडील सिडनीला गेले, काहींचे पुण्याला परतले, आणि इरा सतरा वर्षांची होऊन पॉलिटेक्निकमध्ये गेली. आता तिला मराठीत काही विचारलं तर ती इंग्रजीत उत्तर देई, आणि फारच लाडात आली तर शेवटी इथला सिंगापुरी 'लाह' लावी. वर्ग बंद पडला म्हणून मराठी भाषेचं काही अडणार नव्हतं, एवढं विनीतालाही कळत होतं. पण या देशात ती प्रतापच्या पार्ट्यांत 'मिसेस प्रताप' होती, इराच्या मैत्रिणींत 'इराज मम' होती, पार्सल आणणाऱ्यासाठी 'मॅम' होती. 'बाई' ती फक्त त्या एका खोलीत होती, आणि तेही आता फक्त अमेयच्या तोंडी, चकलीच्या तुकड्यांमधून.

वर्गाची वेबसाइट होती. विनीतानं ती स्वतःच्या हातानं बनवली होती, व्हिडिओ बघून, थांबवून, मागे नेऊन, पुन्हा बघून. तीत वर्गाची माहिती होती, नावनोंदणीचं पान होतं, आणि 'संपर्क' नावाचं पान होतं. त्या पानावर पत्त्याचा रकाना रिकामा दिसला म्हणून तिनं तो भरला होता. आपल्याकडे लग्नपत्रिकेवरसुद्धा पेट्रोल पंपासमोरच्या गल्लीत दुसरं फाटक इथपर्यंत पत्ता देतात. त्या वळणानं तिनं ब्लॉक, मजला, दाराचा नंबर लिहून पुढे 'लिफ्टमधून बाहेर येऊन डावीकडे, तुळशीची कुंडी असलेलं दार' अशी भर घातली होती. साइटवर आठवड्यात दोन माणसं येऊन जात. त्यांतली एक विनीता.

"आई, नोबडी गोज टू वेबसाइट्स," इरा फोनवरून नजर न काढता म्हणाली. "यू हॅव टू मायक्रोब्लॉग. दोन ओळी, रोज. लोक ते वाचतात, देन दे क्लिक."

"दोन ओळींत काय सांगणार?"

"दॅट इज द पॉइंट, लाह."

ही बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. चौथ्या मजल्यावरच्या जयवंतीबाईंना ठाण्याहून येऊन एकवीस वर्षं झाली होती आणि सल्ला हा त्यांचा व्यायाम होता. त्या म्हणाल्या, "फोटो टाक. स्वतःचा नको हं, श्रीखंडाचा टाक." मराठी मंडळाचे कार्यवाह निशिकांत पाया लेबार भागातल्या एका उंच ऑफिसात कसले तरी हेड होते. त्यांनी फोनवर बोलून पाठवलेला सल्ला विनीतानं भांडी घासताना ऐकला, तरी भांडी संपली आणि सल्ला उरला. त्यातलं सार असं, की दोन ओळी कितीही छान लिहा, शेवटी वाचणाऱ्याला काहीतरी करायला सांगितलं पाहिजे. याला 'कॉल टू ॲक्शन' म्हणतात. त्याशिवाय सगळं पाण्यात.

विनीतानं मग रोज एक मराठी शब्द, त्याच्यावर इंग्रजीत दोन ओळी आणि खाली वेबसाइटचा पत्ता असं ठरवलं. पहिल्या दिवशी 'लिंबलोण उतरवणे' लिहून झालं आणि ती शेवटापाशी अडली. वाचणाऱ्याला करायला काय सांगायचं? तिनं जन्मात कोणाला काही करायला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला आणि मुलीला सांगितलं होतं, पण त्यांनी कुठं केलं होतं. लिफ्टमध्ये कोणी भेटलं, बाजारात कोणी भेटलं, देवळात कोणी भेटलं, तर निघताना ती एकच गोष्ट सांगत आली होती. तीच तिनं लिहिली. 'या ना एकदा घरी, चहाला.' इंग्रजीतसुद्धा ते तिला बरं वाटलं. निरोप घेतल्याचं समाधान होतं.

आता हे म्हणायचं असतं, हे तुम्हाआम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. समोरच्यानं "हो हो, येऊ की नक्की" म्हणायचं, दोघांनी हसायचं, आणि दोघांनी आपापल्या घरी जाऊन आपापला चहा प्यायचा. बोलावणाऱ्याचा मान राहतो, बोलावलेल्याचा राहतो, साखर वाचते. दोन-दोन पिढ्या एकमेकांना चहाला बोलावून, कधीही न जाता, अतिशय प्रेमानं राहिलेली कुटुंबं विनीताच्या माहितीत होती.

पहिले तीन आठवडे मायक्रोब्लॉगवर तिचं वाचणारी व्यक्ती एकच, प्रताप. तो रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिच्या पोस्टखाली ऑफिसच्या सवयीनं लिही, 'नोटेड विथ थँक्स.' मग लिम नावाचं एक खातं येऊन मिळालं. त्याच्या फोटोच्या जागी करडा गोल होता आणि त्यानं स्वतः आजवर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. "स्पॅम," इरा म्हणाली. विनीताला तरी बरं वाटलं. वर्गातही तिच्याकडे एकच होता, इथे दोन झाले.

चौथ्या आठवड्यात तिला काही सुचेना. जुरोंगच्या बाजूच्या हॉकर सेंटरमध्ये ती ताट घेऊन उभी होती आणि बसायला जागा नव्हती. म्हणजे टेबलं रिकामी होती, पण प्रत्येक टेबलावर टिश्यूचं एकेक पाकीट ठेवलेलं होतं. टिश्यू ठेवला की जागा राखली, माणूस खुशाल रांगेत जाऊन उभा राहतो, इकडे याला 'चोप' करणं म्हणतात, आणि त्या पाकिटाला कोणी हात लावत नाही. विनीता ताट सांभाळत उभी राहिली आणि तिला साताऱ्याचा स्टँड आठवला. घरी येऊन तिनं लिहिलं, की आमच्याकडे एसटी लागली की लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात, ती सीट त्यांची. तुम्ही टेबलावर टिश्यू ठेवता. तेव्हा आपण एकमेकांचे नातेवाईक असणार, फक्त तुमचा रुमाल कागदाचा आहे. या ना एकदा घरी, चहाला.

संध्याकाळपर्यंत ते शेकडो लोकांनी पुढे पाठवलं. दुसऱ्या दिवशी हजारोंनी. कोणी तरी आपल्या आजीचा टिश्यूच्या पाकिटासह फोटो टाकला. कोणी तरी वाद घातला, की छत्री ठेवणं जास्त जुनं आहे. वेबसाइटवर एका रात्रीत इतकी माणसं आली, की ती दोनदा बंद पडली आणि प्रतापनं "ओव्हरलोड" असं अभिमानानं निदान केलं. निशिकांतांनी फोनवर बोलून पाठवलं, की हे त्यांच्या सल्ल्याचं फळ आहे. नावनोंदणीच्या पानावर त्या सगळ्या गर्दीतून शून्य मुलं आली होती. गर्दी सगळी 'संपर्क' पानावर होती. हे विनीताला विचित्र वाटलं. संपर्क पानावर काय होतं? नुसता पत्ता.

शनिवारी दुपारी चार वाजता बेल वाजली. विनीता गाऊनमध्ये होती, केसांना तेल होतं. दारात सत्तरीचा एक चिनी माणूस उभा होता, इस्त्रीचा शर्ट, हातात हिरव्या पांदान केकचा डबा, आणि बूट त्यानं आधीच काढून तुळशीच्या कुंडीशेजारी सरळ रेषेत लावून ठेवले होते.

"यू से कम फॉर टी," तो म्हणाला. "सो आय कम. आय ॲम लिम."

करडा गोल दारात उभा होता.

कोणी घरी आलं असता 'तुम्ही का आलात' हा प्रश्न विनीताच्या घराण्यात कोणी कोणाला विचारलेला नव्हता. ती "या, या, बसा" म्हणाली, आत जाऊन ओढणी घेऊन आली आणि चहा टाकला. प्रताप बाहेर येऊन त्या पाहुण्याशेजारी बसला. त्याला वाटलं, हा पंख्याचं बघायला आला असणार. त्यानं दहा मिनिटं पंख्याचा आवाज समजावून सांगितला. अंकल लिमनं सगळं लक्षपूर्वक ऐकून घेतलं, वर बघितलं आणि ग्रीस घालायला सांगितलं. आल्याचा चहा प्यायल्यावर तो म्हणाला, की हा आमच्या तेह हालियासारखाच आहे, पण याच्यात कोणीतरी मन लावलंय. विनीतानं विचारलं, अजून घ्याल? तो "येस" म्हणाला. आपल्याकडे आधी दोनदा नको म्हणतात. विनीता त्या 'येस'मुळे किंचित गडबडली आणि मग तिला ते फार सोयीचं वाटलं.

निघताना त्यानं हात जोडले. विनीता अर्थातच म्हणाली, "पुन्हा या हं."

"नेक्स्ट सॅटर्डे," अंकल लिम म्हणाला. "सेम टाइम."

पुढच्या शनिवारी तो आला, आणि एकटा नव्हता. पाठोपाठ पाया लेबारच्या कंपन्यांत काम करणारी दोन मराठी मुलं आली, सारंग आणि रुचिर. त्यांना दारातच लाज वाटत होती.

"काकू," सारंग म्हणाला, "हे म्हणायचं असतं, आम्हाला कळतं. आम्ही कोथरूडचेच. पण हा म्हणाला, एकदा जाऊन बघू, काय होतंय."

"फार तर दार उघडणार नाहीत," रुचिर म्हणाला. "आठ महिने झाले काकू, घरचा चहा नाही."

त्यांच्यासाठी पोहे झाले. पोह्यांचा फोटो रुचिरनं मायक्रोब्लॉगवर टाकला. त्याखाली लोकांनी विचारलं, ही जागा कुठे आहे. त्यावर कोणी तरी परोपकारी माणसानं विनीताच्या संपर्क पानाची लिंक दिली. त्यापुढच्या शनिवारी हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. बिशानहून एक चिनी शाळामास्तर आपल्या बायकोला घेऊन आले, दोघांच्याही हातात संत्र्यांची पिशवी. एक नर्स ड्यूटी संपवून आली आणि सोफ्यावर बसल्या बसल्या झोपली. तिला कोणी उठवलं नाही. आणि अगदी शेवटी पांढऱ्या बुटांचा एक जोड बाहेर काढला गेला आणि मॅडम सिओ आत आल्या.

विनीताच्या हातातलं गाळणं थांबलं.

"आय कम टू सी हू इज इन माय रूम," मॅडम सिओ म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, चौकशी होती. मग त्यांनी चहा घेतला, मग पोहे घेतले, मग दुसऱ्यांदा पोहे घेतले, आणि शेंगदाणे वेगळे काढून आधी खाल्ले. लहानपणी इरा खायची तसे.

विनीताचा शनिवार आता उकळत्या पातेल्यासमोर जाऊ लागला. प्रतापनं हॉलच्या दाराशी कागद लावला, 'एका वेळी नऊ जण, सोफ्यावर चार.' जयवंतीबाई रोज येऊन सांगत, "मी तुला म्हटलं होतं, श्रीखंडाचा फोटो टाक. लोक बघून जेवतात, येत नाहीत." विनीतानं ती शेवटची ओळ काढून टाकायची ठरवली. निशिकांतांचा लगेच फोन आला.

"वहिनी, वेड लागलंय का? ती ओळ म्हणजे तुमचा ब्रँड आहे."

"अहो, लोक घरी येतात."

"म्हणजे कॉल टू ॲक्शन चाललंय. आमच्या कंपनीत यासाठी वेगळं डिपार्टमेंट आहे."

"मग तुमच्या डिपार्टमेंटला म्हणावं, कपबशा विसळायला या."

"येऊ की एकदा नक्की," निशिकांत म्हणाले. ते आले नाहीत. ते सांगलीचे होते, त्यांना कळत होतं.

आणि एका शनिवारी इमारतींची देखभाल बघणाऱ्या इस्टेट ऑफिसातून हाफिझ नावाचा तरुण आला. कॉरिडॉरमध्ये चपलाबुटांची एवढी रांग असते की पलीकडच्या घरच्या आजींची व्हीलचेअर वळत नाही, अशी तक्रार होती. तक्रार रास्त होती आणि विनीता कानापर्यंत लाल झाली. पन्नाशीच्या उंबऱ्यावर, तक्रार झालेल्या घराची बाई म्हणून कोणासमोर उभं राहायची तिची पहिलीच वेळ. हाफिझनं अदबीनं इंग्रजीत विचारलं, "मॅम, फ्लॅटमध्ये खाण्याचा धंदा चालवता का?"

"छे. हे पाहुणे आहेत."

"ओळखीचे?"

विनीतानं आत पाहिलं. "नाही. म्हणजे आता आहेत. आधी नव्हते."

"ओळखीचे नव्हते तर पाहुणे कसे?"

अंकल लिम कप घेऊन दाराशी आला. "शी इन्व्हाइट, वुई कम. हाऊस अलाउड टू हॅव फ्रेंड्स, राइट?"

हाफिझ विचारात पडला. नियमात मित्रांविषयी काही नव्हतं. विनीता म्हणाली, अर्धा कप तरी घ्या. तो म्हणाला, ड्यूटीवर आहे. ती म्हणाली, दारातून असं जाऊ नये. तो म्हणाला, खरंच नको. ती म्हणाली, बरं, घोटभर. त्यानं घोटभर घेतला, मग उरलेला घेतला, आणि मग खाली वाकून, नियमांत बसेल अशा तऱ्हेनं, भिंतीला लागून चपला स्वतः लावून दिल्या.

त्या दिवशी विनीता खऱ्या अर्थानं दमली. कप गोळा करताना ती कोणाला उद्देशून नाही, पण मोठ्यानं म्हणाली, "पुढच्या आठवड्यापासून मीही मोकळी. वर्ग बंद होतोय, आठ मुलं काही मिळाली नाहीत."

"कुठला वर्ग?" बिशानच्या मास्तरांनी इंग्रजीत विचारलं.

"मराठीचा. मी त्यासाठीच तर लिहीत होते."

"आम्हाला वाटलं, हाच वर्ग आहे," मास्तर म्हणाले. त्यांच्या बायकोनं मान हलवली. तिनं तर नवं पेन आणलं होतं. अंकल लिमनं शर्टाच्या खिशातून फोन काढून दाखवला. रोजच्या शब्दांचे फोटो काढून त्यानं ओळीनं ठेवले होते. लिंबलोणापासून रुमालापर्यंत, एकही सुटलेला नव्हता.

मग जे झालं ते एखाद्या लग्नघरात सामान आलं नाही म्हटल्यावर होतं तसं झालं. सगळे एकदम बोलायला लागले. सारंग म्हणाला, आमची नावं घाला, आम्हाला तसंही शुद्ध कुठं येतं. नर्स जागी होती, ती म्हणाली, मी रविवारी सुट्टी मागते. अडचण एवढीच होती, की वर्ग लहान मुलांचा म्हणून नोंदलेला. मोठ्यांसाठी भाषेचा वर्ग काढायचा तर शिकवणाऱ्याकडे प्रमाणपत्र हवं, आणि विनीताकडे बी.कॉम. होतं.

तेव्हा मॅडम सिओंनी बशी खाली ठेवली. क्लबात कोणता अर्ज कोणत्या खिडकीवर अडतो हे चौदा वर्षं स्पीकर ओढून त्यांना पाठ झालं होतं. "हू आस्क यू टू राइट लँग्वेज क्लास?" त्या म्हणाल्या. "राइट इंटरेस्ट ग्रुप. नो सर्टिफिकेट, सेम रूम. अँड टेक द टाइम बिफोर अस, हाफ माय लेडीज ऑलवेज लेट."

विनीता त्यांच्याकडे बघत राहिली. ही बाई खोली घ्यायला आली होती, तीच खोली कशी राखायची ते सांगत होती. मायक्रोब्लॉगिंगमुळे उपयोगी ओळखी होतात असं निशिकांतांच्या त्या लांबलचक सल्ल्यात कुठं तरी होतं खरं, पण तिला वाटलं होतं ते एखाद्या कंपनीच्या माणसाविषयी असेल.

नावं लिहायला घेतली. अंकल लिम, मास्तर, त्यांची बायको, नर्स, सारंग, रुचिर. अमेय धरून सात. मॅडम सिओ म्हणाल्या, माझं लिहू नका, त्याच वेळी मला खालून स्पीकर वर आणायचा असतो. हाफिझ ड्यूटीवर, त्याला विचारणं बरं नव्हे. जयवंतीबाईंना मराठी येत होतं, फार येत होतं. सगळे आठव्यासाठी एकमेकांकडे बघू लागले.

"माझं घाल," सोफ्याच्या कोपऱ्यातून इरा म्हणाली.

मराठीत म्हणाली. फोनवरून नजर न काढता. विनीतानंही वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर इरानं कदाचित मागे घेतलं असतं. तिनं आठव्या ओळीवर नाव लिहिलं आणि शेवटच्या कान्यावर पेन जरा जास्त वेळ ठेवलं.

अर्जात 'उद्दिष्ट' विचारलं होतं. विनीतानं बराच विचार करून लिहिलं, 'आग्रह करणे, आग्रह मोडणे व दोन्हींतला फरक ओळखणे.' काउंटरवरच्या गोड मुलीनं ते वाचून शिक्का मारला.

पहिल्याच रविवारी विनीतानं फळ्यावर ते वाक्य लिहिलं, 'या ना एकदा घरी, चहाला.' आणि सांगून टाकलं, की हे म्हणायचं असतं. यावर 'हो हो, येऊ की नक्की' म्हणायचं असतं. आणि यायचं नसतं. मास्तरांची बायको हळूच म्हणाली, "बट वुई केम."

"तेच तर बरं झालं," विनीता म्हणाली. वर्गाला सगळं इंग्रजीत करून सांगणाऱ्या अमेयनं चकली मोडली आणि हे वाक्य भाषांतर न करताच सोडून दिलं.

शनिवारचा चहा मग आपोआप थांबला, कारण सगळे रविवारी खोलीत भेटत. कॉरिडॉर मोकळा झाला, पलीकडच्या आजींची व्हीलचेअर वळू लागली. पाचव्या-सहाव्या रविवारी वर्ग सुटल्यावर अंकल लिम मागे रेंगाळला. त्यानं शर्ट सारखा केला, घसा साफ केला आणि एकही काना-मात्रा न चुकवता म्हणाला, "बाई, या ना एकदा घरी, चहाला. शनिवारी."

विनीताला इतकं कौतुक वाटलं. काय उच्चार, काय लकब. तिनं दोन्ही हातांनी त्याला शाबासकी दिली आणि धड्याचं उत्तरही दिलं, "हो हो, येऊ की नक्की."

शनिवारी दुपारी ती निवांत लोळत होती. फोन वाजला म्हणून तिनं पाहिलं. करड्या गोलानं जन्मातली पहिली पोस्ट लिहिली होती. फोटो होता. छोटं गोल टेबल, दोन कप, झाकण ठेवलेली किटली, पांदान केकचे दोन तुकडे. दोन खुर्च्या. एका खुर्चीशेजारी जमिनीवर वर्तमानपत्रांचा ढीग, ती खुर्ची बरीच वर्षं ढीग ठेवायच्याच कामाची होती असं दिसत होतं. आता तिच्यावर टिश्यूचं एक पाकीट ठेवलेलं होतं, मधोमध.

खाली लिहिलं होतं, 'वेटिंग फॉर टीचर.' आणि पत्ता. ब्लॉक, मजला, दाराचा नंबर, लिफ्टमधून बाहेर येऊन उजवीकडे.

विनीता ताडकन उठली. प्रतापनं साडीच्या कपाटाचा आवाज ऐकून विचारलं, "काय बिघडलं?" तिनं केस बांधले, लाडवांचा डबा घेतला आणि निघाली. दोन ब्लॉक चालायचे होते, उन्हात, लाडू सांभाळत, आणि तिला चालता चालता फोनवर दिसलं, की पोस्टखाली पहिलं उत्तर आलंय. प्रतापचं. 'नोटेड विथ थँक्स. टीचरनं धक्का सोडला आहे. पाच मिनिटांत पोचेल. कृपया किटलीचं झाकण काढू नये.'

अंकल लिमचं दार उघडंच होतं. विनीतानं चपला काढून त्याच्या बुटांशेजारी सरळ रेषेत लावल्या, आत गेली, खुर्चीवरचं पाकीट उचलून त्याच्या हातात दिलं आणि बसली.

"चहा घेणार?" त्यानं मराठीत विचारलं.

"येस," विनीता म्हणाली.